ज्येष्ठमधाची कांडी

माझ्या नवऱ्याचा आवाज सातारा-सांगलीतल्या लोकांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकला आहे. तो बैलगाडी शर्यतींचा समालोचक. मैदानाच्या कडेला लाकडी माचाण बांधतात. फेटा बांधून त्यावर चढायचं, हातात माईक घ्यायचा आणि सकाळच्या पहिल्या गटापासून संध्याकाळच्या फायनलपर्यंत बोलत राहायचं. बैल पळतात डोळ्याचं पातं लवेपर्यंत, हा बोलतो दिवसभर. कुठला बैल कुणाचा, त्याची आई कुणाच्या गोठ्यातली, मागच्या मैदानात त्याने कुणाला धूळ चारली, हे सगळं त्याला तोंडपाठ. माझा वाढदिवस मात्र आजतागायत त्याच्या लक्षात राहिलेला नाही.

लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. तोंडावर ‘आवं’ म्हणते. लिहिण्यात एवढी तरी मोकळीक बाईमाणसाला असावी.

तर हा एवढा बोलका माणूस घरात मुका. मैदान ठरलं की आवाज जपायचा म्हणून मौन, आणि मैदान झालं की घसा बसला म्हणून मौन. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून तर आमच्या भागात एवढी मैदानं होतात, की जपण्याचे दिवस आणि बसण्याचे दिवस यांच्यामध्ये बायकोशी बोलण्यासाठी दिवसच उरत नाही. सगळा कारभार खुणांवर. टाळी वाजवली म्हणजे इकडे ये. अंगठा ओठाशी नेला म्हणजे चहा. जेवताना अंगठा आणि बोटं एकमेकांवर चोळली, म्हणजे मीठ कमी आहे. मी हायस्कूलात इतिहास शिकवते, दिवसभर पोरांच्या गोंगाटात असते, तरी मला घरातली ती शांतता कधी मानवली नाही. राग यायचा. लोकांसाठी घसा फोडणारा माणूस माझ्यासाठी दोन शब्द खर्च करत नाही, याचा राग. तो मी कधी लपवला नाही, आणि त्याने कधी मनावर घेतला नाही.

या आवाजाचं सगळं श्रेय ज्येष्ठमधाला. माचाणावरच्या जुन्या लोकांची ही रीत. ज्या बुजुर्ग समालोचकाच्या हाताखाली हा शिकला, त्याने पहिल्या दिवशी माईकच्या आधी ज्येष्ठमधाची कांडी हातात दिली म्हणे. तेव्हापासून त्याच्या गालात एक कांडी कायमची. काड्यापेटीतल्या काडीएवढी नव्हे, चांगली बोटाएवढी. चघळायची, रस गिळायचा, चोथा झाला की दुसरी. झोपताना दुधात त्याचीच पूड. आणि आपल्याकडे एखाद्या माणसाची आवड लोकांना कळली, की संपलंच. जो तो यात्रा कमिटीवाला शाल, श्रीफळ आणि वर ज्येष्ठमधाची जुडी देणार. बैलमालक आपल्या बैलाचं नाव चांगलं घ्यावं म्हणून जुड्या आणून देणार. आमच्या फडताळात डाळींपेक्षा ज्येष्ठमधाचे डबे जास्त. घरात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वहिनी, बघा, ना तंबाखू, ना गुटखा, काय निर्व्यसनी माणूस. आणि हा निर्व्यसनी माणूस गालातली कांडी या बाजूची त्या बाजूला करत गौतम बुद्धासारखा मंद हसायचा.

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. पावलं संध्याकाळी सुजायला लागली. चपलेचा पट्टा रुतल्याची खूण पावलावर सकाळपर्यंत राहायची. गावातल्या दवाखान्यात दाखवलं तर रक्तदाब भलताच वर. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता? हा म्हणाला, “न्हाई जी. फकस्त ज्येष्ठमध.” डॉक्टर म्हणाले, “वा, उत्तम.” त्यांनी गोळी दिली. पुढच्या खेपेला दुसरी दिली. त्यानंतर लघवी जास्त होण्याची तिसरी दिली. दाब जिथल्या तिथे. मग डॉक्टर म्हणाले, मिठावर नियंत्रण ठेवा.

एवढं वाक्य पुरलं. ते माझ्या दिराच्या कानावर पडलं.

माझा दीर फौजेतून सुभेदार होऊन आला. तिथे काही वर्षं लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, त्याच्या देखरेखीखाली होतं. त्यामुळे आहारशास्त्रातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज आहे. त्याने पेन्शनीतून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं आणि सकाळी परेडला यावं तसा तो आमच्या ओट्यावर येऊ लागला. भावाच्या दंडाला पट्टा बांधायचा, आकडा बघायचा, आणि यंत्राकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघायचं.

“वहिनी, काल आमटीत मीठ पडलं हुतं.”

“न्हाई पडलं, भाऊजी.”

“मग आकडा कसा वर गेला? आकडा खोटं बोलतोय व्हय?”

जणू काही मी बाईने पदरात मिठाचा पुडा बांधून ठेवला आहे आणि नवरा झोपला की त्याच्या तोंडात चिमूट चिमूट सोडते. त्याने माझं स्वयंपाकघर झडती घेतल्यासारखं तपासलं. लोणच्याची बरणी जावेकडे गेली. पापड गेले. खारवलेल्या मिरच्या गेल्या. शेवटी मिठाचा डबाच गेला, आणि आमचं घर अळणी झालं. अळणी आमटी, अळणी भाकरी, अळणी झुणका. मी शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं खात होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शेजारपाजारच्या लोकांनीही आपापली अक्कल घातली. कुणी म्हणे सैंधव चालतं, ते मीठच नव्हे. कुणी म्हणे काळं मीठ चालतं, ते पाचक. मोबाइलवर तर रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्राखाली मिठाचे दुष्परिणाम यायचे. ज्या माणसांना स्वतःच्या पोटात रात्री काय चाललंय ते कळत नाही, ती माणसं माझ्या नवऱ्याच्या रक्तात काय चाललंय ते छातीठोकपणे सांगत होती. आणि कुणाच्याही, अगदी कुणाच्याही, त्याच्या फुगलेल्या गालाकडे लक्ष जात नव्हतं.

उलट घडत होतं ते असं. अळणी जेवणाने तोंडाला चव नाही, म्हणून तो ज्येष्ठमध जास्त चघळायला लागला. ते गोड लागतं, भूक भागल्यासारखी वाटते. पूर्वी कांडी संपल्यावर थोडी उसंत असायची, तीही गेली. त्यात दिराने लोणंदच्या कुणा ओळखीच्या माणसाकडून रक्तदाबावरचा काढा आणला. बाटलीचं बूच उघडलं तेव्हा मला वास ओळखीचा वाटला. पुढे कळलं, त्या काढ्यातही ज्येष्ठमधच जास्त होतं. म्हणजे मीठ माझ्याकडून काढून घेतलं आणि दुखणं बाटलीत भरून भावाच्या हातात दिलं. तेही फुकटात, भावाच्या मायेने.

दाब वाढतच गेला. आता पायांत गोळे यायला लागले. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागायचे. रात्री लघवीला सारखा उठायचा. सगळ्यांनी ठरवलं, मीठ तोडल्यामुळे अशक्तपणा आलाय. दिराने ठरवलं, मीठ अजून पुरतं तुटलेलं नाही, म्हणून आलाय. मला काहीच ठरवता येत नव्हतं. मला फक्त भीती वाटत होती. सासरे असेच दाबाने गेले होते, शेतात पाट बघायला म्हणून गेले ते बांधावर पडले. ते मला दिसत राहायचं. मी नवऱ्याला म्हटलं, आवं, यंदा मैदान सोडा. त्याने गळ्याला हात लावला आणि दोन बोटं वर केली. म्हणजे, आवाज ठणठणीत आहे. जसं काही पायांचं, डोक्याचं, काळजाचं आणि आवाजाचं घर वेगवेगळं.

आष्ट्याकडच्या मैदानात तो माचाणावर चढला, पण संध्याकाळी उतरेना. फायनल झाली, गुलाल उधळला, ढोल वाजले, आणि हा वर बसून. पायांत जीवच नव्हता. खालची माणसं काय म्हणाली असतील? म्हणाली, आण्णा भारावून बसल्यात. एकाने तर वरती जाऊन त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, बैलावरचं खरं प्रेम. मी तो व्हिडिओ शाळेतून परत येताना एसटीत पाहिला. त्याचा चेहरा घाबरलेला होता. आजूबाजूला शेकडो माणसं, आणि त्यातल्या एकालाही घाबरलेला माणूस ओळखता आला नाही. त्या गर्दीची मला त्या दिवशी आली तेवढी किळस पुन्हा कधी आली नाही.

त्याला चार जणांनी उचलून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मी दिराला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. गाडी केली आणि नवऱ्याला मिरजेला घेऊन गेले. दीर मागच्या सीटवर यंत्र घेऊन बसलाच.

मिरजेची डॉक्टरीण वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी. तिने रक्त तपासलं. पोटॅशियम एवढं कमी, की तिने लगेच दाखल करून घेतलं. म्हणाली, स्नायूंना ते लागतं, म्हणून पाय गेले, हृदयालाही ते लागतं, थोडक्यात वाचलेत. पहिल्यांदा तिचा संशय मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीवर होता. ती ग्रंथी एक संप्रेरक सोडते, अल्डोस्टेरॉन. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ बाहेर जाऊ देऊ नको, पोटॅशियम टाकून दे. काही लोकांत ग्रंथीला गाठ होते आणि ती हे संप्रेरक बेफाम सोडते. मग माणसाने कितीही अळणी खाल्लं तरी मीठ आत साठतं, त्यामागे पाणी साठतं, आणि दाब चढतो. तिने त्याची तपासणी पाठवली. मी देवाला हात जोडले की गाठ नसू दे.

अहवाल आला, तो उलटाच. अल्डोस्टेरॉन वाजवीपेक्षा कमी. ग्रंथी बिचारी गप्प. तरीही शरीर असं वागत होतं, की त्या संप्रेरकाचा पूर आलाय. डॉक्टरीण कॉटपाशी उभी राहून कागद बघत होती. मग तिने कागदावरून मान वर केली आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. इतके महिने जे कुणाला जमलं नव्हतं ते.

“काका, गालात काय आहे?”

“ज्येष्ठमध,” दिराने अभिमानाने सांगितलं. “निर्व्यसनी हाय माझा भाऊ.”

दाखल झाल्यापासूनही तो चघळत होता. उशीखाली जुडी होती. ती बघून डॉक्टरीण खाली स्टुलावर बसली.

तिने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. मूत्रपिंडात मीठ अडवायची जी कुलुपं आहेत, त्यांची खरी किल्ली अल्डोस्टेरॉनची. पण शरीरात कॉर्टिसॉल नावाचं दुसरं संप्रेरक पुष्कळ असतं, आणि त्याचीही किल्ली त्याच कुलपाला लागते. म्हणून तिथे एक राखणदार ठेवलेला असतो. कॉर्टिसॉल आलं की तो ते तिथल्या तिथे निकामी करतो. ज्येष्ठमध त्या राखणदाराला निजवतं. कधीमधी खोकल्याला चिमूटभर घेतलं तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. रोज, दिवसभर, वर्षानुवर्षं घेतलं, तर कॉर्टिसॉल सगळी कुलुपं लावत सुटतं. मीठ आत, पाणी आत, पोटॅशियम बाहेर. त्यात लघवीच्या गोळीने उरलंसुरलं पोटॅशियमही धुऊन नेलं.

“तुम्ही आत काय जातंय ते मोजत होता,” ती दिराला म्हणाली. “बाहेर काय जात नाही, ते बघायला हवं होतं.”

हे मला पटकन कळलं, कारण आमचं उसाचं रान आहे. खालचं दार बंद असेल तर वरून पाणी कितीही बारीक सोडा, वाफा तुंबणारच. दिराचंही रान तिथेच आहे. त्याला कळलं की नाही माहीत नाही. तो यंत्राची वायर गुंडाळत बसला होता.

डॉक्टरीण म्हणाली, ज्येष्ठमध आजपासून बंद. काढा बंद. पोटॅशियमचं औषध आणि त्या कुलपांवरची गोळी काही आठवडे. राखणदार हळूहळू जागा होईल. मीठ बेताने खा, पण खा.

नवऱ्याने मान हलवली. हो म्हणून नव्हे. मग जपलेला आवाज खर्च करून तो बोलला.

“ह्येच्याबिगर माझा आवाज ऱ्हाणार न्हाई. आवाज गेल्यावर मी कोण? रानात हजार माणसं ऊस लावत्यात. मला कोण वळखनार?”

मला त्याची कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदम. मी डॉक्टरणीसमोरच बोलले. म्हटलं, “आवं, वळखायला मी हाय की. माचाणावर तुमचा पाय गेला तवा तुमाला हजार माणसं बघत हुती. कुणी वळखलं का, की ह्यो माणूस मरायला लागलाय? मला तुमचा आवाज नको. तो मला कवा मिळालाय? मला माणूस पायजे.”

उशीखालची जुडी काढून त्याने माझ्या हातात दिली, आणि गालातली कांडीही काढून दिली. ती मी रुमालात घेतली.

घरी आल्यावर मी मिठाचा डबा परत आणला आणि फडताळातले ज्येष्ठमधाचे सगळे डबे अंघोळीच्या बंबात रिकामे केले. चांगलं जळतं ज्येष्ठमध. पाणीही कडक तापलं. तो दारात उभा राहून बघत होता, आणि मला वाटत होतं, आता हात पुढे करेल. नाही केला. पोटॅशियमचं ते घाण चवीचं औषध तोंड वेडंवाकडं करत घेत राहिला. काही आठवड्यांत पायांनी जोर धरला. सूज उतरली. दाब खाली आला, तशा गोळ्या सुटत गेल्या. दीर अजूनही यंत्र घेऊन यायचा, आणि आकडा चांगला दिसला की म्हणायचा, बघितलं का वहिनी, मीठ तोडल्याचा गुण. या माणसाने देशाची सीमा सांभाळली होती, आणि देश वाचला, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढच्या हंगामात रहिमतपूरजवळ मोठं मैदान होतं. डॉक्टरणीने जायला हरकत घेतली नाही. मीही गेले, पहिल्यांदाच. माचाणावर तो शिडीने आपल्या पायांनी चढला, ते बघून मला रडू आलं. सकाळचे गट त्याने रंगवले. दुपारच्या आतच आवाजाला चीर गेली. मधाचं पाणी झालं, आल्याचा तुकडा झाला. सेमी फायनलला तर एका बैलाचं नाव निम्मं बाहेर आलं आणि निम्मं घशातच राहिलं. मैदानातून शिट्ट्या आल्या. एवढी वर्षं ज्याच्या आवाजावर फेटे उडवले, त्याला त्या लोकांनी एक दुपारही सांभाळून घेतलं नाही. कमिटीने एका तरण्या समालोचकाला वर पाठवलं आणि माईक बदलला.

मग त्याचा सत्कार. आपल्याकडे माणूस काढून टाकायचा असेल तर आधी त्याचा सत्कार करतात. शाल घातली, नारळ दिला, आणि वर, लाल रिबन बांधलेली, उसाच्या मोळीसारखी भली मोठी ज्येष्ठमधाची जुडी. त्याने फाटक्या आवाजात माईकवर सांगितलं, गड्यांनो, ह्येच्यानंच मी मराया लागलो हुतो, रोज खाऊ नगा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शब्द कुणाच्या डोक्यात शिरले नाहीत. तरण्या समालोचकाचा गाल फुगलेला होता. माझ्या नवऱ्याने त्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. त्याने आदराने मान डोलावली आणि कांडी दुसऱ्या गालात घेतली.

परत येताना तो गप्प होता. मला वाटलं, आता हा कायमचाच गप्प. मैदान गेलं, आवाज गेला, आता घरात खुणा करणारा एक म्हातारा होत जाईल आणि त्याला मी कारण असेन. मी मनात त्याची समजूत घालायला शब्द जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हता. घरी आल्यावर त्याने ती जुडी आपल्या हाताने बंबाशी नेऊन ठेवली.

जेवायला बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. त्याने पहिला घास घेतला आणि सवयीने हात वर आला, अंगठा बोटांवर टेकला, एकदा चोळलाही. मग त्याने हाताकडे बघितलं आणि तो खाली ठेवला. घसा साफ केला.

“अगं,” तो म्हणाला. आवाज जुन्या पत्र्यासारखा फाटका. “आमटीत मीठ जरा कमी पडलंय.”

एरवी मी लगेच उत्तर दिलं असतं. सुभेदारांना विचारा म्हटलं असतं. पण आज तसं केलं नाही. मी मिठाचा डबा पुढे ओढला, चिमूट वर धरली आणि हातानेच विचारलं, एवढं घालू?